वीज तर आहेच की, रोकडे!

वैशाली न कळवता कधी आमच्या बदलापूरच्या, बेलवलीच्या घरी येत नाही. त्या दिवशी आली, चपला न काढताच उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "सुमनताई, बाबा गेले. जेवले, हात धुतले, खुर्चीत बसले… आणि गेले." मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिचे वडील मधुकर रोकडे. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना रोकडेकाका म्हणत. तिच्यासोबत अंबरनाथला निघताना मला रडू येत नव्हतं, राग येत होता. कोणाचा, ते आज पाच आठवडे झाले तरी नीट सांगता येत नाही.

काका अंबरनाथच्याच एका कारखान्यात वायरमन होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल, मी डी.एड.ला होते. एका संध्याकाळी ते कोऱ्या कागदांचं पॅड घेऊन आमच्याकडे आले. "सुमन, तुझं अक्षर चांगलं आहे. माझं म्हणजे वायरचं भेंडोळं. एक अर्ज लिहून दे." अर्ज रेल्वेला होता. मी म्हटलं, गाडी वाढवून हवी आहे का? तर म्हणाले, गाडी नको, वीज बदलून हवी. मला काही कळेना. मग त्यांनी मला बाहेर नळाकडे नेलं. "हे बघ, पहिल्या खोलीत धार येते, आमच्या शेवटच्या खोलीत करंगळीएवढं पाणी. पाणी आहे ना? आहे. पण दाब नाही. आपल्या गाड्यांची वीज अशीच, जुन्या पद्धतीची, कमी दाबाची. मुंबईकडून इकडे येईस्तोवर तिचा जीव जातो. वर गाडी वाढवायला सांगितली की म्हणतात, तारेला झेपणार नाही. मग जास्त दाबाची वीज आणा! खांब, तारा, वीजघरं, इंजिनं, सगळं बदला. खर्च आहे, मला मान्य आहे. पण तो सरकारने करायचा नाही तर कोणी?" मी चार पानं लिहिली. ही लिखापढी दहा-बारा वर्षं चालणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिलं उत्तर यायला आठ महिने लागले. तीन ओळींचं होतं. सदर मार्गाचे विद्युतीकरण यापूर्वीच झालेले असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. काकांनी ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "अगं, ह्यांनी वाचलंच नाही." दुसरा अर्ज अधिक सोपा करून लिहिला, नळाचं उदाहरणही घातलं. त्याला आलेलं उत्तर पाणीपुरवठा खात्याचं होतं! अर्ज तिकडे वर्ग झाला होता. चाळीतली माणसं पोट धरधरून हसली. हसण्यात मीही मागे राहिले नाही, हे कबूल करते.

प्रवाशांची एक संघटना होती. तिच्या बैठका उल्हासनगरात लछमनदास शेठच्या कापडाच्या दुकानामागे, गाठोड्यांवर बसून होत. काका मला टिपण लिहायला न्यायचे. फलाटाची उंची, मुतारी, पूल, अशा मागण्या चालायच्या. काका उठले की सगळे घड्याळ बघायचे. शेठ माणूस भला, चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. तो म्हणायचा, "रोकडे साहब, बिजली तो है ना? गाड़ी दौड़ रही है ना? पंखा माँगो, पंखा! वो मिलेगा." शहाडचा एक गडी मागून ओरडला, "वीज तर आहेच की, रोकडे! तुम्हाला काय शॉक पाहिजे का?" काका खाली बसले. पुढच्या बैठकीला पुन्हा उठले. आणि त्याच्या पुढच्याही.

एकदा आम्ही दोघं मुंबईला थेट कार्यालयात गेलो. मी शाळेत रजा टाकली होती. तीन मजले, पाच टेबलं, जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी… शेवटी एका साहेबांनी बसायला सांगितलं. "तुम्ही इंजिनियर का?" त्यांनी विचारलं. "नाही साहेब, वायरमन." साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे हो. आम्हीही वर तेच लिहितो. पण दिल्ली म्हणते, शहराची गाडी आहे, राज्याने वाटा उचलावा. राज्य म्हणतं, रेल्वे दिल्लीची, आम्ही का उचलू? मधे फाईल फिरते." काकांनी विचारलं, "मग मी अर्ज कोणाला करू?" साहेबांनी हात पसरले, चहा मागवला. परतताना कल्याण सुटल्यावर काका म्हणाले, "सुमन, खोटं आहे म्हणाला असता ना, तर भांडलो असतो. बरोबर आहे म्हणतो. आता भांडू कोणाशी?"

माझं लग्न झालं, मी बदलापूरला आले, मूल झालं. काका दर दोन महिन्यांनी बेलवलीला यायचे, पॅड घेऊन. एकदा माझ्या तोंडून गेलं, "काका, पुरे आता. कोणाला पडलीय का याची? तुम्ही आपलं पुलासाठी अर्ज करा, तो तरी होईल." त्यांनी पोराच्या हातात गोळी ठेवली, चहा संपवला आणि गेले. मग आलेच नाहीत. पुढे कळलं की अर्ज स्वतःच्याच अक्षरात लिहितात. त्यांची बायको सिंधूकाकू मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "तुला सांगितलं नाही का त्यांनी कधी? हे सगळं वैशूमुळे गं." वैशालीला मुंबईत नर्सिंगला जागा मिळाली होती आणि ती सुटली, एवढंच मला ठाऊक होतं; का सुटली ते काकूंनी सांगितलं. काकूंचे हात संधिवाताने आखडलेले. वैशाली पहाटेचं पाणी भरून निघायची, म्हणून आधीची गाडी तिला धरता येत नसे, आणि नंतरची रोज कल्याणच्या अलीकडे रखडायची. हजेरी कमी भरली, नाव कापलं गेलं. तेव्हा काकांनी तिच्या वेळेची एक गाडी वाढवून मागितली होती. उत्तर आलं होतं, तारेला झेपणार नाही. तिथून ते वीज शिकायला बसले होते. कारखान्यातली नव्हे, गाडीची. वैशाली मग उल्हासनगरात शिवणकामाच्या कारखान्यात लागली, ती आजतागायत तिथेच आहे.

मी दुसऱ्या दिवशी गेले, माफी मागितली. काका हसले. "चल, लिही," म्हणाले. त्यानंतर काही वर्षांनी पेपरात आलं की वीज बदलायच्या कामाला मंजुरी मिळाली. काका पेढे घेऊन आले. अंदाजपत्रक छापून आल्यावर वाचनालयात जाऊन बघितलं, तर कामाचं नाव होतं आणि समोर नाममात्र रक्कम. काम कागदावर जिवंत राहावं एवढीच. काका म्हणाले, "बारशाला नाव ठेवलं, दूध काही नाही." तेवढं बोलून बराच वेळ छापील पानावर बोट ठेवून बसले. ते बोट उचलावं असं त्यांना वाटेना… आणि मला सांगवेना.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात बरीच माणसं बोलली. शेठ आला होता, म्हातारा झालाय, रडला. एकजण म्हणाला, काकांनी लेकीसाठी आयुष्य वेचलं. वैशाली माझ्या शेजारी बसली होती. ती एकदम उठून बाहेर गेली, मी मागोमाग. "ताई, मी कधी मागितलं होतं?" ती म्हणाली. "मी विसरले होते ते. बाबा विसरू देत नव्हते. प्रत्येक अर्ज गेला की मला वाटायचं, माझं नाव पुन्हा कापतायत. आणि बोलू कशी? त्यांचं बरोबर होतं ना!" मला साहेबांचे पसरलेले हात दिसले. मीही तिच्यापुढे तसेच पसरले असते, पण तिने ते धरून ठेवले.

परवा तिच्याबरोबर घर आवरायला गेले. मागच्या पडवीत, खिडकीखाली, काकांचं स्टूल आहे. चाळीतल्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, शेगड्या ते तिथे बसून दुरुस्त करत, फुकट. स्टुलावर एक इस्त्री उघडी पडली होती. आतली जळकी तार काढून नवी तार तिथेच बाजूला, मापाने कापून ठेवलेली. वैशालीने चाळीत चौकशी केली, पण कोणी आपली म्हणेना. मी विचारलं, उचलून ठेवायची का? ती म्हणाली, "राहू द्या. कोणाची तरी आहेच ना. येईल मागायला." खिडकी तिने उघडीच ठेवली.