एक लांब, दोन आखूड

आमच्या ह्यांना गावात कोणी नावानं हाक मारत नाही. शाळेत शिट्टी सर, बाजारात शिट्टी सर, आणि दवाखान्यात पाळी आली की कंपाउंडरही दारातून ‘शिट्टी सर, आत या’ म्हणतो. त्यामुळे मी आपोआप शिट्टीबाई झाले. लग्न ठरवताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हे शाळेत कवायतीचे मास्तर. गळ्यात दोरी आणि दोरीला शिट्टी. अंघोळीला जाताना तेवढी ती खुंटीला लागते. ह्यांची सगळी विद्या दोन खुणांत बसते. एक लांब शिट्टी म्हणजे खाली, दोन आखूड म्हणजे वर. मधलं काही नाही. गावातली निम्मी कर्ती माणसं लहानपणी ह्या दोन खुणांवर उठली-बसलेली आहेत. मागे एकदा खेळाच्या दुकानात नवी शिट्टी घ्यायला गेलो आणि ह्यांनी ती लांब वाजवून बघितली, तर दुकानदार गल्ल्यामागे दिसेनासा झाला. फरशीवर बसला होता बिचारा. उठल्यावर म्हणाला, पाय आपोआप वाकले हो सर.

पण एवढ्या वर्षांत ह्यांचं काम कोणी बसून पाहिलं असेल तर शपथ. संमेलनात कवायत नेहमी चहाच्या वेळेला. पाहुणे उठतात, त्यांच्यामागे पालक उठतात, आणि पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा रचतात तेव्हा समोर असतो तो कपबशा विसळणारा माणूस. घरी आल्यावर हे नुसते बूट पुसत बसतात, स्वच्छ असले तरी. यंदा नोकरीचं शेवटचं वर्ष. एका दुपारी जेवताना, पानातलं संपवून, हात वाळवत म्हणाले, “अगं, एकदा तरी लोकांनी बसून शेवटपर्यंत बघावं, एवढंच.” मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, हात धुवा आधी.

आणि मग घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नाटकाच्या बाईंना दुसरीकडे चांगली नोकरी लागली आणि त्या अर्ध्यातून सोडून गेल्या. संस्थेनं यंदाच्या नाट्यदिनाला विषय दिला होता, ‘इतिहासातलं काळं पान’. प्रत्येक वर्गानं एक पान उचलायचं. लढाया, वेढे, बुडालेली जहाजं आधीच वाटून झालेली. आठवीच्या वाट्याला राहिला प्लेग. इतिहासाचे सर म्हणाले, मला रक्तदाब आहे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ह्यांना म्हणाल्या, तुमचे तास रिकामेच असतात. प्रयोग सभागृहात होता, चहाच्या आधी, लोक खुर्च्यांवर बसलेले असताना. ते ऐकलं आणि हे तिथेच हो म्हणून आले. घरी आले ते शीळ घालत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर प्लेग आला. मी कपडे अल्टर करते, माझ्याकडे डबाभर बटणं असतात. ह्यांनी तीच मांडून गाव वसवलं. मोठं तपकिरी बटण वैद्य, चपटं काळं लोहार, मोत्यासारखी सगळी बाया-मुलं. बटण उलटं केलं की माणूस गेला. मला धंद्याला बटणं लागतात, त्याचं काय? एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी घाईत वैद्य लावून दिला. हे दोन दिवस वैद्य शोधत होते आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी त्यांनीच ठरवलं की वैद्य आधीच गाव सोडून पळाला असणार. नाटकात तो प्रवेश तसाच राहिला, आणि तोच सगळ्यात खरा वाटत होता.

खरी गंमत पात्रं वाटताना झाली. वर्गातल्या प्रत्येकाला मरायचं होतं. मेलेल्याला पाठांतर नसतं, हे पोरांना पहिल्या दिवशीच कळलं. जगायला कोणी तयार होईना. मग पालक यायला लागले. बँकेत काम करणाऱ्या एक बाई आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसल्या. ह्यांचीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे खुर्चीच्या टोकावर ताठ. त्यांचं म्हणणं असं की त्यांची मुलगी तिसऱ्या प्रवेशात मरते, आणि शेजारणीची पहिल्यातच मरून मोकळी होते, हा अन्याय आहे. माझ्या मुलीला आधी मारा, म्हणाल्या. हे एका आईनं सांगावं! दुसऱ्या एका बापाचं म्हणणं, मुलगा पहिल्या नंबरचा आहे, तो सगळ्यांसारखा गुपचूप कसा मरेल, निदान दोन वाक्यं बोलून मरू द्या. मी चहा देऊन देऊन दमले.

वर मोठ्या बाईंच्या सूचना होत्याच. उंदीर नकोत, सभागृह नुकतंच रंगवलंय. आजाराची लक्षणं नकोत, लहान मुलं घाबरतील. आणि प्रमुख पाहुणे आरोग्य अधिकारी आहेत, तेव्हा नाटकातला आरोग्य अधिकारी चांगला दाखवा. खऱ्या हकिगतीत त्यानंच वेशीला कुलूप लावलं आणि आतली माणसं मेली. ह्यांनी ते जरा भीतभीत सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, “प्लेग ठेवा सर, पण मरण जरा कमी करा.”

अती झालं आणि हसू आलं. हे मात्र हसले नाहीत. पानं चाळत बसले आणि तोडगा काढला. अधिकारी जगेल, त्याला एकच वाक्य देऊ, आणि शेवटी तोच दारोदार हाका मारत फिरेल. कुठूनही ओ येणार नाही. तिथे नाटक संपेल. मी हातातलं शिवण खाली ठेवलं. म्हटलं, हे चांगलं आहे हो.

पण जगणारा अधिकारी आणायचा कुठून? एका मुलीचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिला खाली पडताच येत नव्हतं. तीच अधिकारी झाली. पाय मोडून वर जगावंही लागतंय म्हणून आठवडाभर फुगून बसली होती.

मेल्यावर अंगावर घ्यायला पांढऱ्या चादरी पालकांकडून मागवल्या, तर आल्या सगळ्या फुलाफुलांच्या, आणि एक सशांची. मी म्हटलं, एवढ्या चादरी काही मी रंगवत बसणार नाही, मेलेल्यांना काय ससे आणि काय फुलं.

मग मरायची तालीम. पोरांना मरण आटपेना. कोणी पाच मिनिटं तडफडायचा, कोणी मरून पुन्हा उठून नमस्कार करायचा, पहिल्या नंबरचा तो मुलगा तर दोन वाक्यांची चार करून शेवटी स्वतःचा हजेरी क्रमांक सांगायचा. हे तीन दिवस बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, अभिनय पुरे. एक लांब शिट्टी झाली की त्या प्रवेशातल्यांनी खाली, खांद्यावरची चादर अंगावर ओढून. दोन आखूड झाल्या की शेवटच्या नमस्काराला वर. आणि काय सांगू, सुतासारखं सरळ झालं सगळं. इतकं शिस्तीत मेलेलं गाव इतिहासात दुसरं नसेल.

एक तालीम आमच्या घरी होती. पोरं पुढच्या खोलीत गावकरी होऊन बसली होती, मी आत भात लावलेला. कुकरनं एक लांब शिट्टी दिली आणि बाहेर धाडकन आवाज झाला. जाऊन बघते तर अख्खं गाव पडलेलं. एक जण माझ्या शिलाई मशीनवर आडवा. प्लास्टरवाली मुलगी तेवढी मधोमध उभी. हे कमरेवर हात ठेवून खूश. मी म्हटलं, अहो, पोरांना शिट्टी कुणाची ते कळत नाही. तर म्हणाले, शिट्टी ती शिट्टी. बायकोचं ऐकलं तर कमीपणा येतो ना!

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, शिट्टी शर्टाच्या आत लपवलेली. रंगमंचाच्या खाली, पायऱ्यांपाशी उभे. मी दुसऱ्या रांगेत. पुढे आरोग्य अधिकारी, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई. पडदा उघडला. पहिला प्रवेश खरंच सुरेख झाला. वैद्य पळाला, लोक हळहळले. ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि मी मान हलवली.

दुसऱ्या प्रवेशात सगळं गाव वेशीपाशी जमलं. आणि बाहेर शाळेचा वॉचमन गाड्या लावून घेत होता. कुणीतरी गाडी आडवी घातली असेल. त्यानं एक शिट्टी मारली, लांब, अगदी दम लागेपर्यंत.

सगळं गाव मेलं. तिसऱ्या प्रवेशातले मेले, चौथ्यातले मेले, विंगेत आपली पाळी यायची वाट बघणारे तिथेच मेले, त्यांचे पाय पडद्याखालून बाहेर आले. उरली ती प्लास्टरवाली. तिनं चोहोबाजूंना बघितलं, कुबडी सावरली आणि पाठ केलेलं एकमेव वाक्य खणखणीत म्हटलं, “नागरिकहो, घाबरू नका, परिस्थिती आटोक्यात आहे.”

सभागृह फुटलं हो. लोक खुर्च्यांवर थापा मारून हसत होते. आरोग्य अधिकारी तेवढे हसले नाहीत. मोठ्या बाई उठून सूत्रसंचालकाच्या कानाशी गेल्या आणि त्यानं जाहीर केलं की चहापान थोडं आधी घेत आहोत. माणसं हसत हसत उठली. पुन्हा तेच. मी ह्यांच्याकडे बघितलं, चेहरा पार उतरलेला. मला त्या वॉचमनचा, मोठ्या बाईंचा, चहाचा, सगळ्यांचा असा राग आला म्हणून सांगू. मी उठलेच नाही. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, येताय ना? म्हटलं, नाटक चालू आहे.

तेव्हा ह्यांनी शर्टातून शिट्टी काढली आणि एक लांब वाजवली.

निम्मं सभागृह मटकन खाली बसलं. बँकेवाल्या बाई, दुकानदार, कंपाउंडर, दात काढणारे डॉक्टर. उरलेले आजूबाजूला बघून बसले. आरोग्य अधिकारी बाहेरगावचे, पण तेही बसले. ह्यांनी प्लास्टरवालीकडे बघून एवढंच म्हटलं, “शेवटचा प्रवेश. हाका मार.”

ती घाबरलेली होती. घरं, दारं, गावकऱ्यांची नावं, सगळं विसरली. तिला येत होती ती रोजची वर्गाची हजेरी. तिनं तीच सुरू केली. क्रमांक एक. कोणी बोललं नाही. क्रमांक दोन. कुबडी टकटक करत ती एकेका चादरीपाशी जाऊन थांबायची, वाट बघायची, पुढे जायची. पोरं इतकं शिस्तीत मरायला शिकली होती, की एरवी तोंडातून सटकन येणारं ‘हजर’ कोणाच्या ओठावरही आलं नाही. लोक आधी हसत होते. मग प्रत्येकाला आपापल्या पोराचा क्रमांक आठवायला लागला असावा. हसू कुठे थांबलं ते कळलं नाही.

सशांच्या चादरीपाशी ती थांबली. क्रमांक पुकारून झाला. बँकेवाल्या बाई अर्ध्या उठल्या, हात पुढे झालेला, आणि कोणाला तरी समजावून सांगावं तशा म्हणाल्या, “आहे हो. ती आहे.” आणि रडायलाच लागल्या.

हजेरी संपली. आता दोन आखूड शिट्ट्या, पोरं वर, पडदा. पण हे शिट्टी तोंडात धरून नुसते उभे. फुंकेनातच. मला कळलं. एवढी माणसं समोर बसलेली, सगळ्यांचं लक्ष इकडेच. शिट्टी वाजली की ती उठणार, आणि ह्यांचं संपणार, नोकरीसुद्धा. कुठल्याशा चादरीखालून कोणीतरी शिंकलं, तरी कोणी हललं नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना चारचौघांत कधी आवाज दिला नव्हता. तेवढा दिला. म्हटलं, “वाजवा आता. सगळ्यांनी पाहिलं.”

ह्यांनी दोन आखूड वाजवल्या. पोरं चादरी टाकून ताडकन उठली, विंगेतले पाय उठले. आणि समोर सगळं सभागृह उठून उभं राहिलं, ताठ, हात मांड्यांना चिकटवून. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. आरोग्य अधिकाऱ्यांनाही उठावं लागलं.

त्यानंतर गावात लोक म्हणायचे, असा मान कोणत्याच वर्गाच्या नाटकाला मिळाला नाही. दुकानदार मात्र मला हळूच म्हणाला, पाय आपोआप सरळ झाले हो बाई. मी त्याला बजावलं, हे सरांना सांगायचं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी बूट काढून दाराशी तसेच ठेवले, न पुसता, आणि खुर्चीत बसून मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, जसं काही मी तिथे नव्हतेच. मीही शेवटपर्यंत बसून ऐकलं.