बंदीनंतरची चुकलेली मोजणी

मी जेलमध्ये वॉर्डर आहे आणि आई यल्लम्मेचा भक्तही आहे. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावतात, हे मलाच बरीच वर्षं कळत नव्हतं. सकाळी केलगेरीच्या घरी दिवा लावायचा आणि संध्याकाळी माणसं कोंडून कुलूप ओढून बघायचं. हुबळीत कापडाचं दुकान चालवणारे माझे मेव्हणे चेष्टेने म्हणत, "दाजी, तुम्हाला बघून आई आतनं कडी घालत असेल की." मी हसायचो. पण देवापुढे हात जोडले की हाताला किल्ल्यांचा वास यायचा, आणि कोंडणाऱ्याचा दिवा तिला पोचतो का, ही शंका काही जात नसे.

कामाबद्दल मात्र मला शंका नव्हती. संध्याकाळचं जेवण झालं की कैद्यांना आवारात जोडीने बसवायचं, एकेकाला मोजून बरॅकमध्ये सोडायचं, कुलूप लावायचं आणि गजांतून पुन्हा मोजायचं. याला आम्ही बंदी म्हणतो. आकडा जुळला की किल्ल्या मुख्य दरवाजावरच्या पेटीत जातात आणि पहाटेपर्यंत बाहेर निघत नाहीत. मध्ये कुणी आजारी पडलं, तर त्याची हाक आधी कुणाला तरी खरी वाटावी लागते, मग जेलरसाहेबांना निरोप, मग किल्ली. अठरा वर्षांत माझा आकडा एकदाही चुकला नव्हता. त्याचा मला, खरं सांगतो, देवापेक्षा थोडा जास्तच आधार वाटायचा.

कलघटगीकडचे एक म्हातारे तेव्हा माझ्या बरॅकमध्ये होते. बांधावरच्या मारामारीत आलेले, खटला अजून उभा राहिलेला नव्हता. सगळे त्यांना अज्जा म्हणत. त्या दिवशी बंदीच्या आधी ते माझ्याजवळ आले. अंगाला घाम होता.

"अण्णा, खांदा लई दुखायलाय. छातीबी भरून आल्यागत होतंय. आज आत घालू नको."

आता, दवाखान्यात गेलं की नातलग भेटतात, म्हणून बंदीच्या तोंडावर रोज कुणाच्या तरी पोटात कळ येतेच. अशा नाटकांनी मला इतकं शहाणं केलं होतं की खरं दुखणं ओळखायची अक्कल उरली नव्हती. जेवून पडा, सकाळी डॉक्टर बघतील, असं मी सांगितलं. "बरं, तू म्हणशील तसं," एवढंच म्हणून ते आत गेले. तिथेच मला कळायला हवं होतं. नाटक करणारा एवढ्यावर गप्प बसत नाही.

कुलूप लावून मी गजांतून मोजलं. आत सोडले होते त्रेचाळीस, भरले बेचाळीस. पुन्हा मोजलं, बेचाळीस. तिसऱ्यांदाही तेच. कैदी पळाला असेल तर नोकरी गेलीच. घंटा झाली, जेलरसाहेब मला शिव्यांची लाखोली वाहत किल्ली घेऊन आले, आणि नियमाप्रमाणे एकेकाला बाहेर काढायला सुरुवात झाली. अज्जा उंबऱ्यापर्यंत आले, चौकट धरली आणि साहेबांच्या पायाशीच कोसळले. ओठ काळेनिळे पडले होते. साहेबांनी तिथल्या तिथे गाडी मागवली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

मग उरलेले मोजले. आवारात बेचाळीस, गाडीत एक. कुणीच कमी नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा झटका मोठा होता; पहाटेपर्यंत आत राहिले असते तर हाती काही लागलं नसतं. अज्जांना मी तिन्ही वेळा मोजलं होतं, हे मला पक्कं आठवतं. ते गजांजवळच भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मग माझ्या मोजणीतून राहिलं कोण, हे मला आजही सांगता येत नाही. सगळे म्हणाले, डोळे तपासून घे. मी घेतले. चष्मा लागला नाही.

बरे होऊन परत आल्यावर अज्जांनी माझ्यावर राग धरला नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली. आत त्या वेळी काय झालं, असं मी विचारलं.

"हाक मारायला तोंडातनं आवाज फुटंना. मग म्हटलं, आई, आता तू बघ."

त्याच वेळी बाहेर मी मोजत होतो.

चुकीचा आकडा देऊन गोंधळ माजवल्याबद्दल मला नोटीस आली. बायको म्हणाली, देवीने केलं असं लिहा. सरकारी कागदावर देवीची साक्ष चालत नाही. मोजणीत चूक झाली, क्षमा असावी, अशा दोन ओळी मी लिहिल्या. मग पेन खाली ठेववेना. कुणी विचारलं नव्हतं, तरी तिसरी ओळ लिहिली: बंदीआधी या कैद्याने छातीत दुखत असल्याचं मला सांगितलं होतं आणि मी ते खोटं धरलं. त्या ओळीमुळे माझ्या नोकरीच्या पुस्तकात कायमचा शेरा बसला. त्या उत्तराची नक्कल आमच्या देव्हाऱ्यात आईच्या तसबिरीखाली आहे.

मोजणी त्यानंतर एकदाही चुकलेली नाही. पण आता कुलपाला हात लावण्याआधी मी विचारतो, कुणाला काही होतंय का. रोज दोघे-तिघे उठतात. त्यांतले निम्मे नाटक करत असतील. मी सगळ्यांनाच डॉक्टरांकडे पाठवतो. खरं कोण आणि खोटं कोण, हे ठरवायचं काम मी आईवर सोपवलंय.