उपाशीपोटी

आमच्या ह्यांनी इन्सुलिनच्या सुईची धास्ती घेतली होती. थोरले दीर सुई सुरू झाल्यावर वर्षभरात गेले, तेव्हापासून सुई लागली की माणूस संपला, हे ह्यांच्या मनात पक्कं बसलेलं. सदाशिव पेठेतले डॉक्टर गुरुवारी भेटत. दर वेळी त्याच सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणत, "आता सुईशिवाय इलाज नाही." शेवटी ह्यांनी गयावया करून महिन्याची मुदत मिळवली.

त्या महिन्यासाठी डॉक्टरांनी आमच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून दिला. रोज उपाशीपोटी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजायची आणि आकडा भरायचा. मी नाक मुरडलं. जन्मभर माझं न ऐकलेला माणूस ह्या डब्याचं काय ऐकणार?

महिना सरत आला तेव्हा पडद्यावर आलेख उमटला. बहुतेक ठिपके हिरव्या पट्ट्यात, मोजकेच लाल, उंच गेलेले. खाली प्रश्न होता: 'आपली साखर फक्त गुरुवारी वाढते. त्या दिवशी मोजण्याआधी आपण काही खाता का?'

"छे! गुरुवारी तर उपास असतो," हे म्हणाले.

"अहो, आणि साबुदाण्याची खिचडी?"

"ती उपासाचीच की!"

मी कपाळावर हात मारला. एरवी हे उठल्याउठल्या मोजत. गुरुवारी मात्र पूजा, खिचडी सगळं आटोपून, निवांत. दिवसभर उपाशीच, मग घाई कसली! लॅबमध्ये रक्त तपासायलाही तसेच जात. तिथल्या बाईंनी "उपाशी आहात ना?" विचारलं की ऐटीत "हो" म्हणत.

हसू ओसरलं आणि माझ्या अंगावर काटा आला. खिचडी करणारी मी, आग्रहाने वाढणारी मी. मला जे इतक्या वर्षांत दिसलं नाही, ते आमच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेल्या यंत्राला दिसलं होतं. ह्यांच्या रक्तातला गुरुवार त्याने ओळखला होता.

डॉक्टरांनी आलेख पाहिला, खरोखर उपाशीपोटी रक्त पुन्हा तपासून घेतलं. तूर्त सुई टळली, खिचडी मात्र बंद झाली.

पुढच्या गुरुवारी मी ह्यांच्या पानात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली.

"उपास सोडलात म्हणायचा?" मी विचारलं.

"सोडला कुठे?" भाकरीचा तुकडा मोडत हे म्हणाले, "आज पहिल्यांदा धरलाय."