चिमूटभर जास्त आवाज

९ फेब्रुवारीला, सोमवारी, दुकानातल्या सर्वांत महागड्या स्पीकरच्या जोडीवर नवी चिठ्ठी लागली: सहा लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे. आधीचा आकडा दहा लाखांच्या वरचा होता, आणि त्या आकड्याखाली ती जोडी काचेच्या खोलीत सात वर्षं उभी होती. चिठ्ठी कानसेननेच लावली. त्याच संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला आणि कानसेनच्या पायाला भिंगरी लागली.

कानसेन हे मालकांनी ठेवलेलं नाव. सव्वीस वर्षांपूर्वी तो कामाला लागला तेव्हा मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "गाणं काही येत नाही याला, पण कान बघा. तानसेन नाही, कानसेन आहे." नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस मोठा टापटिपीचा. दुकान उघडायच्या वीस मिनिटं आधी यायचं, रंगाच्या मऊ ब्रशने स्पीकरच्या जाळ्यांवरची धूळ झाडायची, तारा सरळ करायच्या, ऐकायच्या खोलीतली खुर्ची फरशीवरच्या खुणेवर नेमकी ठेवायची. गिऱ्हाइकाला तो कधी आग्रह करत नसे. "मी काही सांगत नाही, तुम्ही ऐका आणि ठरवा," एवढंच म्हणे. या एका वाक्यावर त्याची अर्धी अब्रू उभी होती.

उरलेली अर्धी त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात होती. पहिल्याच आठवड्यात मालकांनी त्याला शिकवलं होतं, की जे विकायचं ते कणभर मोठं वाजवायचं. फार नाही, गिऱ्हाइकाला कळता कामा नये. स्वस्त जोडीवरून महाग जोडीवर जाताना आवाजाचं बटण केसभर पुढे सरकवायचं. माणसाच्या कानाला मोठा आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात याला 'चिमूट' म्हणत, चिमूटभर मिठासारखी. खोटं बोललो असं कानसेनला कधी वाटलं नाही. तो बोलतच कुठे होता?

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. त्यांचं खिळे, साखळ्या, पत्र्याचं मोठं दुकान. फोनवर म्हणाले, "जावईबापू, त्या काचेतल्या जोडीचा भाव उतरला म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बहिणीने. रविवारी येतो. तुम्ही 'घ्या' म्हणालात की घेतली. बारा वर्षांपूर्वी तुम्ही दिलेली जोडी अजून माझ्या दिवाणखान्यात आहे, आल्यागेल्याला सांगतो, आमच्या जावयाच्या कानाने निवडलेली आहे म्हणून."

विक्रीवर दोन टक्के कमिशन होतं. तेरा हजार सहाशे नव्वद. कानसेनची बायको सव्वीस वर्षं मधल्या खोलीत शिवणकाम करत होती; खाटेवर कापड, खाटेखाली कापड, आणि माप द्यायला आलेली बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा रिकामा होणार होता. अनामत पंधरा हजार, एक तारखेच्या आत. डब्यात दीड हजार होते. म्हणजे मेहुण्यांना 'घ्या' हा एक शब्द सांगितला, की गाळा मिळाला. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

आणि नेमका तोच शब्द म्हणायची पंचाईत होती. ती जोडी खरंच चांगली आहे का, हे कानसेनला माहीतच नव्हतं.

मंगळवारी दुकान बंद करण्यापूर्वी तो एकटा खुर्चीवर बसला. आधी बुटक्या काळ्या पेट्या लावल्या, पंचवीस हजारांच्या. मग ती मोठी जोडी, छातीएवढी उंच, अक्रोडाच्या लाकडाची, कडेने नावेसारखी वळलेली. व्हायोलिन असं उमललं की त्याने डोळे मिटले. आणि डोळे उघडले तर आपला अंगठा बटणावर. चिमूट पडली होती. दुसऱ्यांदा त्याने मनाशी घोकून हात आवरला, तर आवाज पडल्यासारखा वाटला, आणि खरंच पडला की मनाला वाटलं हे कळेना. घरी येऊन तो जेवता जेवता दोनदा उठला. बुधवारी हिशेबाच्या पावतीवर तारीख चुकवली. बायको म्हणाली, "अहो, बसा तरी एका जागी. जमिनीला चटके बसतायत का?"

गुरुवारी दुकानाला सुट्टी. किल्ली कानसेनकडेच असे. सकाळी तो बायकोला घेऊन गेला.

"मला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली.

"म्हणूनच तू हवीस."

तिने आधी त्या जोडीला प्रदक्षिणा घातल्यासारखी चक्कर मारली आणि सरळ मागे वाकून बघितलं. कपडा चांगला की वाईट हे ती उलटी बाजू बघून ठरवत असे. मागच्या लाकडाच्या रेषा पुढच्या रेषांशी जुळत होत्या, जोड कुठे ते बोटाला लागत नव्हतं. "हे करणाऱ्याने मागे कुणी बघणार नाही म्हणून चालढकल केली नाही," ती म्हणाली. "दिसण्याचे पैसे मी देईन. ऐकण्याचं तुम्ही बघा."

फोनमधल्या आवाज मोजायच्या सोयीने दोन्ही जोड्या काट्यावर सारख्या आणल्या. तिने शिवणाच्या खडूने बटणावर दोन खुणा केल्या. कानसेन भिंतीकडे तोंड करून बसला. ती मनाला येईल ती जोडी लावायची, वहीत लिहायची, आणि त्याने 'मोठी' की 'काळी' ते सांगायचं.

दहापैकी पाच बरोबर आले.

"पाच तर नाणं उडवूनही येतात," तो म्हणाला. "पुन्हा घे."

पुन्हा दहा. या वेळी चार. तो उठून खिडकीपाशी गेला, परत आला, तारा तपासल्या, खुर्ची खुणेवर आहे का बघितलं. खुर्ची खुणेवरच होती.

"आणखी दहा?" तिने विचारलं.

"नको."

ती वही मिटून बसली. त्याने विचारलं, "दादांना सांगू?"

"मला विचारू नका. मला गाळा पाहिजे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

रविवारी मेहुणे इस्त्रीच्या शर्टात आले. मालकांनी स्वतः उठून दार उघडलं आणि कानसेनकडे बघून अंगठा किंचित फिरवला. कानसेनने मेहुण्यांना खुर्चीवर बसवलं. काळ्या पेट्या वाजल्या. मग बटण खडूच्या खुणेवर ठेवून मोठ्या जोडीची कळ दाबली आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला. तो हात खिशात कसा वळवळत होता ते त्यालाच ठाऊक.

मेहुण्यांनी मांडीवर थाप मारली. "क्या बात है. जमीन-अस्मानाचा फरक."

कानसेन गारच पडला. फरक ऐकू यायला चिमूटही लागली नव्हती. चिठ्ठीवरचा आकडा आणि अक्रोडाची चमक पुरली होती. आता गप्प राहिलं तरी काम होत होतं. खोटं बोलायचं नव्हतं, बटण फिरवायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. काचेपलीकडे मालकांनी पावतीपुस्तक उघडलंसुद्धा.

"दादा, डोळे मिटा," तो म्हणाला.

"कशाला?"

"मिटा तर."

मेहुण्यांनी मिटले. कानसेनने बटण खुणांवरच ठेवत पाच वेळा जोडी बदलली. मेहुणे तीनदा चुकले आणि चौथ्यांदा चुकल्यावर चिडले. "ही काय परीक्षा लावलीत?"

"मी पण नापास झालो त्यात. लाकूड खरं आहे, मागून बघा, पुढच्यासारखंच आहे. दिसण्यासाठी घेत असाल तर खुशाल घ्या. आवाजासाठी घ्या असं माझ्याच्याने म्हणवत नाही."

मेहुण्यांचा व्यापारी मेंदू मागे गेला. "बारा वर्षांपूर्वी तर मला स्पष्ट फरक वाटला होता. तेव्हा मी स्वस्तातली घेणार होतो, ऐकून बेचाळीस हजारांची घेतली."

"तेव्हा आवाज थोडा वाढवला होता. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"कुणी वाढवला होता?"

"मी."

मेहुण्यांनी आवाज चढवला नाही. "जावईबापू, मीही तराजूला बोट लावतो. धंदा आहे. पण घरचं माणूस आलं की हात मागे घेतो."

मेहुणे उठले. सांगितलेला चहा आला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. दारात मालक म्हणाले, "साहेब, त्याची तब्येत बरी नाही, मी ऐकवतो." मेहुणे म्हणाले, "तुमचं ऐकून झालंय."

बायको दोन दिवस कामापुरतं बोलली. एक तारखेला गाळ्यात किल्ल्या बनवणारा आला आणि वरच्या मधल्या खोलीत त्याच्या यंत्राची करकर ऐकू येऊ लागली. मालकांनी कानसेनला ऐकायच्या खोलीतून काढून तारा आणि प्लग विकायच्या टेबलावर बसवलं. तिथेही त्याला चैन नाही. काचेपलीकडे नवा विक्रेता बटणाकडे हात नेतो आणि कानसेनचा अंगठा टेबलावर आपोआप हलतो.

महिनाअखेरीला तो आपणहून मेहुण्यांच्या दुकानात गेला. ते साखळी मोजत होते, मोजणं थांबवलं नाही.

"दादा, ती बारा वर्षांपूर्वीची जोडी परत करायची असेल तर मी बघतो काही."

"परत कशाला? वाजतेय की चांगली." वीस हात मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यात तुमचं कमिशन किती होतं?"

"आठशे चाळीस."

"तेवढे द्या. बाकीचं तुमच्या मालकाने खाल्लं, ते तुमच्याकडून घेणं बरोबर नाही."

कानसेनच्या खिशात पाचशे होते, ते त्याने दिले. मेहुण्यांनी मोजून गल्ल्यात टाकले आणि खुर्ची पुढे सरकवली. तीनशे चाळीस द्यायचे राहिले आहेत.