चढणीवरचा धोंडा

माझे यजमान सोमवारी गेले. भेटायला येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवायचं म्हणून मी धोंडा उचलून दाराला लावला, आणि त्याचं वजन हातांना ओळखीचं वाटलं.

संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या उन्हाळ्यात यांनी एका जागीरदाराची जुनी मोटार घेतली, गंगाखेडला भाड्यानं चालवायला. पण माणसं बसली की नदीकाठच्या चढणीवर ती बंद पडून मागं घसरायची. लोक बसेनात. मग यांनी इंजिन उतरवलं, नवे पिस्टन घातले आणि ताकद वाढावी म्हणून परभणीच्या लेथवर इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, थोडं तासून आणलं. जास्त तासलं गेलं असेल, तर वाढलेल्या दाबानं त्याखालचं पॅकिंग चढणीवरच फुटणार होतं.

चढणीवर चाचणी घेताना माणसांऐवजी वजनाला म्हणून मागं ज्वारीची पोती ठेवली. सासूबाई पोत्यांशेजारी जाऊन बसल्या.

“आई, उतर. आज नको,” हे म्हणाले.

“उद्या लोकायला बसवणारच हायस की. चालव!”

गाडी घसरली तर चाकाखाली टाकायला मी धोंडा घेऊन मागून चालत होते. नाकात तापल्या तेलाचा वास होता. मध्यावर इंजिनाचा आवाज जड झाला, चाक अडलं. मी वाकले. तेवढ्यात ते पुन्हा फिरलं.

गाडी चढण चढून गेली. वरून सासूबाई हसत ओरडल्या, “अगं, टाक की आता तो धोंडा! नवऱ्याला मारायलीस का?”

तो मी घरापर्यंत तसाच आणला.

तेव्हा मला फक्त चाक दिसत होतं. हे गाडीच्या आरशातून माझ्याकडे बघत असतील, असं आता सुचतं. विचारायचं राहिलं.

मोटार पुढे विकली. धोंडा दाराशी आहे.