मिरच्यांच्या खेळाचं लेबल

पहिला राग आला तो एका कार्डावर. इथे न्यूझीलंडमध्ये आमच्या लायब्ररीत जुन्या कोरियन व्हिडिओ गेम्सचं छोटं प्रदर्शन भरणार होतं. दर शनिवारी मी तिथे वयस्कर लोकांना ईमेल आणि फोन शिकवायला जाते, त्यामुळे कॉम्प्युटरचं म्हणून जे काही असेल ते न विचारता माझ्या गळ्यात येतं. एका रिटायर्ड किवी गृहस्थांनी आपला संग्रह उसना दिला होता. चार मशिन्स, गेमच्या कार्ट्रिजेसचे दोन खोके आणि प्रत्येक वस्तूपुढे ठेवायला त्यांनी स्वतः टाइप केलेली कार्डं. मशिन्स चालू करायची आणि कार्डं नीटनेटकी करून छापायची, एवढं माझं काम. पहिल्याच कार्डावर लिहिलं होतं की कोरियातलं गेमिंग नकलांपासून सुरू झालं आणि यातला बहुतेक माल पायरसीचा आहे.

मी त्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "खरंच आहे की ते. पण तुला बदलायचं तर बदल, स्वीट ॲज." म्हणजे किवी भाषेत, काही हरकत नाही.

खरं होतं, पण अर्धं, आणि अर्ध्या खऱ्याचा मला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त संताप येतो. ऐंशीच्या दशकात कोरियात जपानी गाणी, जपानी सिनेमे उघडपणे आणायला बंदी होती. जपानने पस्तीस वर्षं त्यांच्यावर राज्य केलेलं, ते विसरायला कुणी तयार नव्हतं. पण मुलांना गेम तर हवेच होते. मग टीव्ही आणि फ्रिज बनवणाऱ्या तिथल्या एका कंपनीने टीव्हीला जोडायचं स्वतःचं मशीन काढलं, त्यात त्या काळच्या एका घरगुती कॉम्प्युटरची कार्ट्रिजेस चालायची. पुढे बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी जपानी मशिन्सच कोरियन नावांनी विकायला घेतली. गल्लीबोळातली दुकानं परक्यांचे गेम उतरवून कार्ट्रिजमध्ये भरायची आणि पहिल्या पडद्यावरचं नाव काढून आपलं टाकायची. सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं असतं हे सांगणारा कायदाच तिथे उशिरा आला. आणि हे सगळं चालू असताना शाळकरी मुलंमुली मासिकं वाचून स्वतःचे गेम लिहीत होती, ते त्या कार्डावर कुठेच नव्हतं.

पुण्यात आमच्या घरी जे मशीन होतं त्याच्या खोक्यावर हजारो गेम्स लिहिलेले आणि आत तेच बारा, आलटून पालटून. ते कुणी बनवलं, कुणाचं उचललं, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. आमच्या बालपणाला कुणी पायरसी म्हणालं नाही, मग कोरियन मुलांच्या बालपणाला का म्हणायचं, असं मी फोनवर ऐकवलं तेव्हा ते गृहस्थ हसले आणि त्यांनी कुत्र्याला फिरवायला न्यायचंय असं सांगितलं.

खोक्यांवरचं कोरियन वाचून देणारं माणूस हवं होतं. बॉटनी डाउन्स या आमच्या उपनगरातल्या मोठ्या शॉपिंग सेंटरमागे एक अल्टरेशनचं दुकान आहे, तिथल्या कोरियन बाईंकडे मी साडीचे ब्लाउज सैल करायला देते. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठ्या. दहा वर्षांत आमचं बोलणं बाही, पाठ आणि वाढलेलं वजन याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. मी फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडे होतं. म्हणजे भावाकडे होतं."

पुढच्या शनिवारी त्या लायब्ररीत आल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक मासिक घेऊन. त्या काळी कोरियात कॉम्प्युटरची मासिकं वाचकांचे प्रोग्रॅम छापायची, ओळीच्या ओळी, आणि घरोघरची मुलं ते बघून टाइप करायची. त्यांनी एक पान उघडलं. गेम असा होता की गच्चीवर लाल मिरच्या वाळत घातल्यात, वरून ढग येतायत, आणि पाऊस पडायच्या आत एका बाईने सगळ्या मिरच्या टोपलीत भरायच्या.

"तुमच्याकडे पण वाळवण घालतात?" मी इतक्या मोठ्याने विचारलं की पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी मान वळवली.

"दर वर्षी. आणि पळत वर जायचं काम माझंच असायचं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी हा गेम लिहिला."

पानावर नाव मात्र भावाचं होतं. वडिलांनी कॉम्प्युटर त्याच्यासाठी घेतला होता, त्याच्या खोलीत ठेवला होता. तो शिकवणीला गेला की या पंधरा वर्षांच्या बाई तिथे बसायच्या. मिरची कशी दिसेल, टोपली कशी दिसेल, ते गणिताच्या वहीत चौकोन रंगवून ठरवायच्या. गेम तयार झाल्यावर भावाने तो आपल्या नावाने पाठवला, कारण मासिकाचा वर्गणीदार तो होता. तो छापून आला. वडिलांनी पेढे वाटावेत तसं ते पान नातेवाइकांना दाखवलं. भाऊ पुढे इंजिनिअर झाला, आता इथेच नॉर्थ शोअरला राहतो, त्याची मुलगी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स करते. बाईंना हिशेब लिहायच्या कोर्सला घातलं आणि मग लग्न. हे सगळं त्यांनी ट्राउझरची उंची सांगावी तशा आवाजात सांगितलं.

आम्ही लायब्ररीच्या मागच्या खोलीत तो प्रोग्रॅम टाइप करायला बसलो. चार मशिन्समधलं कीबोर्डवालं एकच, तेही जुनं, काही अक्षरं दोनदा दाबावी लागत होती. सगळं भरून झाल्यावर चालवलं तर मिरच्या पडद्याच्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या, हलेनात. माझं पोट चुका काढण्यावर चालतं, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणून मी पान हातात घेऊन पहिल्या ओळीपासून तपासायला लागले. बाईंनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. एका ओळीचा नंबर सांगून म्हणाल्या, "तिथे अधिक नाही, वजा. छापताना चुकलं होतं. पुढच्या महिन्यात मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं."

"कुणाच्या नावाने?"

"भावाच्या," त्या म्हणाल्या.

मी ते चिन्ह बदललं आणि मिरच्या गच्चीभर पसरल्या. बाई खुर्ची ओढून खेळायला बसल्या आणि एकही मिरची भिजू न देता तिसऱ्या ढगापर्यंत गेल्या. मी मागे उभी होते आणि माझे कान तापले होते.

तो राग एकट्या बाईंसाठी नव्हता, हे इथेच कबूल करते. पुण्यात मी आणि नवरा एकाच कंपनीत होतो. ज्या मोठ्या प्रोजेक्टच्या जोरावर आम्हाला न्यूझीलंड मिळालं त्याचा अवघड भाग मी लिहिला होता. तो टीम लीड, म्हणून कंपनीच्या पत्रात नाव त्याचं. रेसिडन्सीच्या अर्जात मुख्य अर्जदार तो, मी पार्टनर. इंटरव्ह्यूच्या आधी आठवडाभर मी त्याला माझाच कोड समजावून सांगितला. इथे आल्यावर तो ऑफिसला जायला लागला आणि मी दोन वर्षं एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, उभी राहून दूध, पाव आणि लॉली विकल्या. त्याबद्दल बोलले की तो म्हणतो, "अगं, घरात काय तुझं-माझं?" हे वाक्य ज्याचं नाव वर असतं तोच म्हणतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

त्या संध्याकाळी मी मिरच्यांच्या गेमचं कार्ड लिहायला घेतलं आणि बाईंना फोन केला. कर्ती म्हणून तुमचं नाव टाकते, म्हटलं.

"नको. भावाचं टाक. मासिकात आहे तसंच," त्या म्हणाल्या.

"पण ते खोटं आहे!"

"मला माहीत आहे. तसंच टाक. तो शनिवारी येणार आहे, मुलीला घेऊन. मीच बोलावलंय."

मी बराच वेळ हुज्जत घातली. घाबरता कशाला, म्हटलं. आता तुमचे वडील नाहीत, ती खोली नाही, कोण काय करणार आहे तुम्हाला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, की भावाचं नाव टाक. शनिवारी भाऊ येणार हे त्यांनी मला का सांगितलं, हा प्रश्न मी विचारला नाही. मला वाटलं, कळलं की. पिढ्यानपिढ्या बायका अशाच गप्प बसतात, आणि आपल्यासारखी कुणीतरी बोलल्याशिवाय काही बदलत नाही. स्वतःबद्दल इतकं चांगलं मत माझं क्वचितच झालं असेल.

मी कार्डावर बाईंचं नाव टाकलं. खाली लिहिलं की मासिकात तो भावाच्या नावाने छापला गेला होता. जाड कागदावर छापलं, कडा कापल्या आणि शुक्रवारी दुपारी जाऊन मशीनपुढे उभं केलं.

शनिवारी सकाळी गर्दी बरी होती. कोरियन चर्चमधली काही कुटुंबं आली होती, काही नुसतीच टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि टॉवेल घेऊन निघालेली मुलं आत डोकावत होती. बाई दहाच्या आधीच आल्या. केस सेट केलेले, अंगावर निळा कोट, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्या दाराशीच भावाची वाट बघत थांबल्या, कार्डापर्यंत आल्याच नाहीत. मी लांबून हात केला. मला त्यांना सरप्राइज द्यायचं होतं.

भाऊ उंच, हसतमुख. त्याची मुलगी लगेच मशीनपाशी गेली. "डॅड, हाच ना तो? तू बनवलेला? मिरच्यांचा?" बाई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि कार्डाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मुलीने कार्ड मोठ्याने वाचलं. आत्याचं नाव आलं तेव्हा ती थांबली, मग पुढची ओळ वाचली.

"डॅड? इथे तर आँटीचं नाव आहे."

त्याने वाकून कार्ड वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "हो. लिहिलंय ना तिथे." एवढंच. पुढच्या टेबलावर जाऊन त्याने एका लहान मुलाला जॉयस्टिक कशी धरायची ते दाखवलं. मुलगी आत्याला मिठी मारत होती, आँटी, यू आर अमेझिंग म्हणत होती, आणि मी कोपऱ्यात उभी राहून मनातल्या मनात जिंकले होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर केलंस." त्यावरही मी त्याच्याशी भांडले.

मंगळवारी ब्लाउज आणायला गेले. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि मागे वळल्या. मी म्हटलं, रागावलात का, खरं तेच तर लिहिलं. मग मला माझा आवाज चढलेला ऐकू आला. इतकी वर्षं तुमचं नाव दुसऱ्याने वापरलं, मी ते तुम्हाला परत दिलं, यात माझं काय चुकलं?

त्या वळल्या. दहा वर्षांत त्यांना रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चढला नाही.

"मला विचारलंस?"

"विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"मग?"

मी पर्समधून ब्लाउजचे पैसे काढून काउंटरवर ठेवले.

"माझं नाव मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ते मला तुझ्याकडून नको होतं. मी त्याला त्याच्या नावाच्या कार्डापुढे उभं करणार होते. मुलगी विचारणार, मी शेजारी, आणि त्याला बोलावं लागणार. चाळीस वर्षांत त्याला असं कुणी उभं केलं नव्हतं."

"तो खोटं बोलला असता तर?"

"तर मला कळलं असतं की माझा भाऊ कोण आहे. खरं बोलला असता तरी कळलं असतं. मी दोन्हीची तयारी करून आले होते." त्यांनी काउंटरवरची पिशवी माझ्याकडे सरकवली. "तू लिहून ठेवलंस. आता त्याला आयुष्यात कधी काही बोलावं लागणार नाही. मला नाही, त्याला सोडवलंस तू."