बाबांच्या हातावरचा चट्टा

लहानपणी अंगावर काही उठलं की बाबा मला सायकलवर बसवून त्यांच्या स्टील प्लांटच्या हॉस्पिटलात न्यायचे. डॉक्टर माझा हात खिडकीकडे वळवून चट्ट्यावरून अंगठा फिरवत. बाहेर बाकावर बाबांच्या शिफ्टमधलं कुणी ना कुणी असायचंच, "पोरीले काय झालं?" म्हणून चौकशी करणारं. तेव्हा त्या रांगेचा भारी वैताग यायचा. आता ती आठवली की जीव हळवा होतो.

म्हणून बाबांच्या कोपराखाली फिकट चट्टा दिसला तेव्हा मी म्हटलं, चला, दाखवून येऊ. निवृत्त झालेले बाबा जागचे हलेनात.

"तिथं कावून जायचं? फोनवर फोटो धाड. बाकावर बसलो का पार जामुल गावापर्यंत बोंब होईल, याले चामडीचा रोग झाला म्हणून."

धाडले फोटो. व्हिडिओवर डॉक्टरबाईंनी विचारलं, चट्ट्यावर स्पर्श कळतो का? बाबा ऐटीत म्हणाले, "भट्टीवर जिंदगी गेली, मॅडम. आमच्या हाताले काय कळते?" आई हसली, मीही हसले. आमच्याकडे हे कौतुकच होतं. गॅसवरचं तापलेलं पातेलं बाबा फडक्याशिवाय उतरवायचे, पाहुणे असले तर मुद्दाम.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कुष्ठाची सुरुवात असू शकते, हात लावून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि उशीर झाला तर बोटं वाकतात.

मी बाबांच्या बोटांकडे पाहिलं. आई सकाळी नंदिनी नगरच्या शाळेत शिकवायला जायची, तेव्हा याच बोटांनी माझ्या वेण्या घातल्या होत्या. वाकड्या, पण घट्ट.

दुसऱ्या दिवशी बाबा तोंडावर मफलर ओढून त्याच हॉस्पिटलात बाकावर बसले. जुन्या सोबत्यानं चालीवरूनच ओळखलं आणि शेजारी बसून घेतलं. मला तर बरंच वाटलं.

पुढे गोळ्यांनी आजार गेला, बोटं शाबूत राहिली, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशीचा तपासणीच्या खोलीतला क्षण काही मनातून जात नाही. डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं. कापूस जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं. मनगटावर बाबांनी अचूक बोट ठेवलं. दंडावरही. मग कापूस चट्ट्यावरून फिरला, पुन्हा फिरला. बाबा डोळे घट्ट मिटून, बोट वर धरून तसेच बसलेले.

"थांबले कावून, डॉक्टरसाहेब? लावा न."